म्युनिकला घर लावायचंय: वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर कसे निवडावेत?

मुळा_मुठा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं पुण्याहून म्युनिकला येतोय: मी, नवरा आणि दोन वर्षांची लेक. घर ठरलंय, पण रिकामं आहे. ओटा, कपाटं आणि शेगडी आधीच्या भाडेकरूकडून विकत घेतोय, बाकी सगळं आपलं आपण आणायचं. चार-पाच वर्षं तरी राहायचा विचार आहे. बजेट बेताचं, लेकीमुळे कपडे रोजच्या रोज. कुठल्या कंपनीचं मशीन डोळे झाकून घ्यावं? सेकंडहँड चालेल का? आणि मिक्सर इथून आणावा का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

इसारकाठ

मुळा_मुठा, कंपनी नंतर, आधी पाणी बघा. म्युनिकचं पाणी प्यायला उत्तम, पण जड आहे. इथल्या मशीनला फक्त गार पाण्याची नळी जोडतात, पाणी मशीन आतच तापवतं. क्षारांचा थर बसतो तो नेमका त्या कॉइलवर. साबणाच्या पावडरीच्या खोक्यामागे एक तक्ता असतो, त्यात पाणी मऊ, मध्यम की जड यानुसार किती पावडर घालायची ते दिलेलं असतं. 14 जर्मन अंशांच्या (हे पाण्याचा जडपणा मोजायचं माप, तापमान नव्हे) वरचं पाणी जड धरतात. तुम्ही तोच रकाना बघा. पुण्याच्या अंदाजाने चिमूटभर पावडर घातली तर कपडे राखाडी होतात आणि मशीनही लवकर कुरकुरतं. नेहमी 30 अंशांवरच धुतलं तर आत बुळबुळीत थर धरून वास येतो, म्हणून टॉवेल, चादरी अधूनमधून 60 अंशांवर लावा आणि धुऊन झाल्यावर दार उघडं ठेवा.

आता निवड. मार्च 2021 पासून वॉशिंग मशीन, फ्रिज आणि डिशवॉशरवर ए ते जी असं नवं ऊर्जा-लेबल आहे, जुनं ए-प्लस-प्लस-प्लस गेलं. नवी मोजणी कडक आहे, त्यामुळे फ्रिजवर डी दिसलं म्हणून तो टाकाऊ समजू नका. वॉशिंग मशीनच्या लेबलवर 100 धुण्यांना किती युनिट वीज लागते ते छापलेलं असतं. रोज धुणार असाल तर तोच आकडा बघा, वीज इथे महाग आहे. आवाज किती डेसिबल तेही तिथेच असतं, आणि खाली कोणी राहत असेल तर ते फार महत्त्वाचं.

ब्रँडबद्दल माझं प्रामाणिक मत: बॉश आणि सीमेन्सची घरगुती उपकरणं एकच कंपनी बनवते, तेव्हा त्या दोघांत जे स्वस्त मिळेल ते घ्या. मीलेची मशिनं दणकट असतात, 20 वर्षांच्या वापराच्या हिशेबाने चाचणी घेतो असं कंपनी सांगते, पण किंमतही तशीच. पाच वर्षांसाठी नवं मीले घेऊ नये असं मला वाटतं. मधल्या किमतीचं घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या ड्रायरला ठेवा. घेण्याआधी श्टिफ्टुंग वारेनटेस्टचे निकाल नक्की वाचा. 1964 साली स्थापन झालेली ही संस्था वस्तू स्वतः दुकानातून विकत घेऊन तपासते.

दुरुस्तीची फार काळजी नको. युरोपीय नियमांप्रमाणे वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही किमान 10 वर्षं मिळायला हवेत. शिवाय दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूत मुळातला दोष निघाला तर दोन वर्षं विक्रेता जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात तो दोष मुळातला नव्हता हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. पावती जपा.

तळघरवाला

सेकंडहँडबद्दल. व्यक्तीकडून घेतलं तर हमी बहुतेक शून्य, तो स्पष्ट लिहूनच देतो. जुनी मशिनं दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानातून घेतलंत तर निदान वर्षभर दाद मागता येते. मी तोच मार्ग सुचवेन.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा: वाहतुकीचे बोल्ट आहेत का? नव्या मशीनच्या पाठीला सहसा चार लांब बोल्ट असतात. त्यांनी ड्रम जखडलेला असतो, नाहीतर तो आत स्प्रिंगांवर लटकता असतो. घरी आल्यावर पाना लावून ते बोल्ट काढायचे, भोकांवर प्लॅस्टिकची टोपणं बसवायची आणि बोल्ट पिशवीत घालून जपून ठेवायचे. न काढता मशीन चालवलं तर पिळताना ते अख्ख्या खोलीत नाचतं. उलट जुनं मशीन बोल्ट न लावता टेम्पोतून आणलं तर ड्रम हिसके खाऊन सस्पेन्शन खराब होतं, आणि ते वरून दिसत नाही.

फ्रिज ओट्याच्या कपाटात बसवायचा असेल तर आधी खणाची उंची मोजून घ्या. 88, 122 आणि 178 सेंमी ही नेहमीची मापं.

भाकरी_आमटी

ताई, मिक्सर खुशाल आणा! जर्मनीतही भारतासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज. अमेरिकेत 120 व्होल्टचा त्रास असतो, तो इथे नाही. इथले स्मूदीवाले ब्लेंडर ओल्या नारळाच्या वाटणाला आणि कोरड्या मसाल्याला टिकत नाहीत. 750 वॅटचा साधा तीन भांड्यांचा आणा, सोबत जास्तीचे कपलर आणि झाकणाचे रबर. फक्त आपली तीन पिनांची पिन इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अर्थिंग असलेलाच अडॅप्टर घ्या, दोन पिनांचा स्वस्तातला नको.

शेगडी इंडक्शन आहे की नुसती काचेची, हे आत्ताच विचारून घ्या. दोन्ही दिसायला सारख्याच, काळ्या आणि सपाट. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर आणा. काचेची असेल तर कुठलंही चालेल, पण बूड सपाट हवं. खोलगट तवा घरीच ठेवा.

मुळा_मुठा

किती छान माहिती, मनापासून आभार! शेगडी इंडक्शनच निघाली, त्यामुळे स्टीलचा कुकर घेतेय. घरमालकीणबाई म्हणाल्या की वॉशिंग मशीन तळघरात लावायचं, वर जागा नाही. मग वाळत कुठे घालायचं?

इसारकाठ

तळघरातलं तुमचं सॉकेट तुमच्याच मीटरवर आहे ना, ते घराचा ताबा घेताना तपासा. काही इमारतींत वाळवणीची वेगळी खोली असते. नसेल तर हिवाळ्यात बंद घरात रोज कपडे वाळवू नका, भिंतींना बुरशी धरते आणि त्यावरून घरमालकांशी वाद होतात. हीट पंपवाला ड्रायर घ्या. महाग असतो, पण साध्या कंडेन्सर ड्रायरच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतो. रात्री 10 ते सकाळी 6 मशीन लावू नका. रविवारचं काय, ते इमारतीच्या नियमावलीत बघा.

आणि आल्या आल्या दायित्व विमा काढा. नळी सुटून खालच्यांचं सामान भिजलं तर भरपाई तुमच्या माथी येऊ शकते. नळीला पाणी आपोआप बंद करणारा झडप असलेलं मशीन मिळालं तर तेच घ्या.

भाकरी_आमटी

चहाच्या किटलीत पांढरा थर येईल. लिंबूफूल इथे साबण-शाम्पूच्या दुकानात (ड्रोगेरी) स्वस्त मिळतं. दोन चमचे गार पाण्यात घालून अर्धा तास ठेवा. उकळू नका, उकळलं तर उलट निघायला अवघड असा थर बसतो.