जर्मनांची ‘सहावी आर्मी’: सेना, तुकडी की आणखी काही?

पानगळ
दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या एका मोठ्या लेखाचं भाषांतर करतेय. जर्मन ‘सेक्स्टे आर्मे’ला मी ‘सहावी सेना’ म्हटलं होतं, संपादनात सगळीकडे ‘सहावी तुकडी’ झालं. कारण असं दिलं की देशाची सेना एकच, तिचा भाग ती तुकडी. माझ्या कानाला तुकडी म्हणजे फार तर शे-दोनशे माणसं, नाहीतर शाळेतली ‘सहावी ब’. इथे १९४२च्या नोव्हेंबरात अडकले तेच अडीच लाखांच्या घरात. तुम्ही काय लिहाल?

जुना वाचक
तुकडी साफ चूक. अख्खं जर्मन भूदल म्हणजे ‘हेअर’. त्याखाली ‘हेरेसग्रुप’, मग ‘आर्मे’, मग कोअर, मग डिव्हिजन. स्टालिनग्राडला या आर्मीचा प्रमुख पाउलुस, त्याच्या हाताखाली पाच कोअर आणि वीसेक डिव्हिजन होत्या. शिवाय आर्मी म्हणजे नुसते लढणारे नव्हेत. रसद, इस्पितळं, पोलीस असा सगळा बारदाना तिच्याबरोबर चालतो. ‘सहावी सेना’च ठेवा.

कोरा कागद
‘सेना’ म्हटलं की महाराष्ट्रात आधी पक्ष डोळ्यांपुढे येतो. ‘सहाव्या सेनेचा पाडाव’ असं शीर्षक छापून बघा. सरळ ‘आर्मी’ लिहावं. कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड तसेच ठेवतो, मग एकट्या आर्मीनेच काय घोडं मारलंय?

शब्दवेडी
हे हात वर करणं झालं. सरनौबताचा सेनापती शिवकाळातच झाला. दिनांक आणि महापौर सावरकरांनी दिले, ते रुळलेच ना? महाभारतात उतरंड तयार आहे: पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, अक्षौहिणी. अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. बेरीज २,१८,७००. पाउलुसच्या फौजेच्या आसपासच जाते की! ‘सहावी अक्षौहिणी’ म्हणायला काय हरकत आहे?

कोरा कागद
हरकत अशी की वाचक कुरुक्षेत्रावर पोचेल. उतरंडीतले बाकीचे शब्दही आता त्या कामाचे राहिले नाहीत. वाहिनी टीव्हीची झाली, चमू क्रिकेटचा.

नदीकाठ
संस्कृतापर्यंत जायचंच कशाला? महादजी शिंद्यांसाठी द बॉइन्य या युरोपीय अधिकाऱ्याने जी कवायती फौज उभी केली, तिच्या भागांना ‘कंपू’ म्हणत. पायदळ, तोफखाना, सगळं एका हुकमतीखाली. मूळ पोर्तुगीज ‘कांपो’ असणार.

जुना वाचक
कंपू इंग्रजी कॅम्पवरूनही आला असेल, पोर्तुगीजच कशाला? आणि आज कंपू म्हणजे चार जणांचं कोंडाळं. ‘लष्कर’चं तेच, पुण्यात ‘लष्करात राहतो’ म्हणजे कॅम्पात राहतो.

सातारी
आमच्याकडं एकच शब्द, पलटण. शंभर माणसं असूद्यात नाहीतर लाख. नामदेव जाधवांना १९४५च्या एप्रिलमध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा समोर जर्मनांची दहावी आर्मी होती. पण गावातली म्हातारी माणसं ‘जर्मनची पलटण’ एवढंच म्हणायची.

नदीकाठ
गंमत म्हणजे पाउलुसची सहावी आर्मी ही मुळात दहावीच. ऑक्टोबर १९३९मध्ये नुसता आकडा बदलला. इटलीतली दहावी १९४३मध्ये नव्याने उभी केली. सहावीचंही तसंच. फेब्रुवारी १९४३मध्ये संपली, मार्चमध्ये त्याच नावाने पुन्हा उभी केली. ऑगस्ट १९४४मध्ये रुमानियात पुन्हा मोडली, आणि उरलेली हंगेरीतून मागे सरत ऑस्ट्रियात गेली. म्हणजे इथे नावापेक्षा आकडा महत्त्वाचा. आकडा जपा, शब्द कुठलाही चालेल.

पानगळ
नाही, कुठलाही चालणार नाही. लेखाचा पहिला अर्धा भाग १९४१चा आहे, पाउलुसच्या आधीचा. तेव्हा प्रमुख होता रायखेनाऊ. ऑगस्टमध्ये युक्रेनमधल्या बिला त्सेर्क्वा गावात आईबाप मारले गेलेली नव्वदेक ज्यू पोरं एका घरात कोंडून ठेवली होती. ग्रोसकुर्ट नावाच्या अधिकाऱ्याने त्यांची हत्या थांबवायचा प्रयत्न केला. प्रकरण वर गेलं, रायखेनाऊने हत्येच्या बाजूने निकाल दिला आणि पोरं मारली गेली. सप्टेंबरअखेर या आर्मीने घेतलेल्या किव्हजवळ, बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले. गोळ्या एसएस या नाझी संघटनेच्या माणसांनी आणि पोलिसांनी घातल्या, पण लगेच १० ऑक्टोबरला रायखेनाऊने लेखी हुकूम काढून अशा कत्तलींचं समर्थन केलं. ‘तुकडी’ वाचलं की वाटतं, कुठल्या तरी पथकाने परस्पर काही केलं. पोरांना मारायचा निर्णय आर्मीच्या मुख्यालयात झाला. तो आकार शब्दात दिसायलाच हवा.

शब्दवेडी
हे पटलं. अक्षौहिणी मागे घेत नाही, पण तुकडी नको हे नक्की.

कोरा कागद
मग ‘आर्मी’च. मुख्यालयासकटचा अर्थ तिच्यातच येतो.

पानगळ
बघते. दुसरी अडचण ‘केसेल’ची. १९ नोव्हेंबरला सोव्हिएत हल्ला सुरू झाला, चार दिवसांत हल्ल्याची दोन्ही टोकं कलाच गावापाशी मिळाली आणि आर्मी आत राहिली. अशा अडकण्याला जर्मन ‘केसेल’ म्हणतात. संपादकांनी ‘वेढा’ केलंय.

जुना वाचक
वेढा बरोबर आहे. पन्हाळ्याला वेढा, तसा.

नदीकाठ
मुळीच नाही. वेढा किल्ल्याला पडतो. आत तट असतो, धान्य असतं, दाणागोटा पुरतो तोवर माणूस टिकतो. इथे उघडं माळरान आणि बर्फ. रोज निदान ३०० टन सामान विमानाने यायला हवं होतं, येत होतं सरासरी शंभरेक. ही ‘कोंडी’.

जुना वाचक
कोंडी रस्त्यात होते, वाहतुकीची. दोन-अडीच महिने चालतो तो वेढाच.

शब्दवेडी
केसेल म्हणजे मुळात हंडा किंवा कढई ना? रशियनमध्येही ‘कत्योल’ तोच. मग ‘कढई’ लिहून पहिल्यांदा अर्थ सांगा, पुढे वाचक सांभाळून घेतो.

सातारी
हंड्यावरनं आठवलं. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा.

कोरा कागद
आमच्या घरी ‘जर्मल’. ‘जर्मन सिल्व्हर’वरून आलं असावं.

जुना वाचक
जर्मन सिल्व्हर वेगळं. त्यात तांबं, निकेल आणि जस्त. ॲल्युमिनियमचा संबंध नाही.

सातारी
धातू वेगळा असंल, नाव तर तेच पडलंय. आणि ‘जर्मल’ नाही, ‘जर्मन’च. बाजारात भांडीवाल्याला विचारा.