हवेतून इंटरनेट देणारे फसवतात म्हणे! सत्तरीकरांनी बोलायलाच हवं

म्हादईकाठ
पर्वरीकरबाबांनी काल या चर्चेत लिहिलं: "फायबर नाही ते ब्रॉडबँडच नाही. डोंगरावर डबा लावून हवेतून इंटरनेट विकणारे गावकऱ्यांना लुबाडतात. पाऊस आला की सगळं बंद." खाली माना डोलावणारेही बरेच दिसले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आमचा वाडा. घरं सुपारी-नारळाच्या कुळागरांत विखुरलेली. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात ऐकू जात नाही. मध्ये ओहोळ, पलीकडे अभयारण्याची हद्द. फायबर म्हणजे काचेच्या तंतूची केबल. तिच्यासाठी चर खणायचा तर जांभा दगड आणि वनखात्याची परवानगी. चार घरांसाठी एवढा खर्च कुठलीही कंपनी करणार नाही, आणि कोणी केलेलाही नाही. डोंगरमाथ्यावर एक रेडिओ आणि घराच्या छपरावर छोटी डिश, एवढ्यावर आमचं काम चालतं. रेडिओलहरींचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 पासून विनापरवाना वापरता येतो, म्हणून लहान माणसालाही हा धंदा करता आला.

आता पाऊस. या पट्ट्यात तासाला शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला तरी किलोमीटरमागे सिग्नलमध्ये डेसिबलभर घट होते. चांगल्या जोडणीत तेवढा सिग्नल जादा राखलेलाच असतो. त्याहून खूप वरच्या 60 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथे पाऊस मारतोच, शिवाय हवेतला ऑक्सिजन किलोमीटरला पंधराएक डेसिबल खातो. दोन्ही एका मापाने मोजू नका.

पर्वरीकर
आकडे बरोबर आहेत, पण सोयीचे तेवढेच निवडलेत. पावसाचं पाणी सिग्नल खात नाही, ओली पानं खातात. दोन टोकं एकमेकांना दिसली म्हणजे झालं असं नसतं. पाच किलोमीटरच्या जोडणीला मधोमध सरळ रेषेभोवती आठेक मीटर जागा मोकळी लागते. डिश बसवली तेव्हा जांभूळ लहान होता. तीन पावसाळ्यांनी तो त्या जागेत शिरतो आणि ग्राहकाला उत्तर मिळतं, "वातावरण खराब आहे."

दुसरं, क्षमता. जीपॉनमध्ये, म्हणजे एकच तंतू फोडून अनेक घरांत वाटायच्या फायबरच्या पद्धतीत, एका काचेच्या तंतूवर सेकंदाला अडीच गिगाबिट उतरतात. 32 घरांत वाटले तरी सगळे एकाच वेळी बसले असताना घरटी 75 मेगाबिटच्या वर पडतात. तुमच्या डोंगरावरचा रेडिओ एका वेळी एकाशीच बोलतो, बाकीचे रांगेत. संध्याकाळी आठला वेग मोजून इथे टाका, मग बोलू.

जोडणीवाला
मी तारा जोडायचं काम करतो, दोघांचंही ऐकलं. पर्वरीकरबाब, गावात ज्याला "फायबर" म्हणून विकतात ते उघडून पाहिलंय का? पुष्कळ ठिकाणी जीपॉन नसतंच. एकाच्या सोप्यात स्विच, म्हणजे लाइन पुढे वाटणारा विजेवरचा डबा, तिथून पुढच्याच्या सोप्यात दुसरा स्विच, अशी साखळी. प्रत्येकाला त्या त्या घरची वीज. मधल्या घराची वीज गेली की पुढचा अख्खा वाडा बंद. एका घरात लग्न होतं. मंडपाच्या दिव्यांसाठी कोणीतरी प्लग काढला आणि मला रात्री फोनावर फोन. खऱ्या जीपॉनमध्ये वाटेवरच्या स्प्लिटरला, म्हणजे तंतू फोडणाऱ्या डबीला, वीज लागतच नाही, ती फक्त दोन टोकांना. तेवढ्यासाठी मी फायबरच्या बाजूने आहे.

पण आषाढात फांदी पडून खांबावरची केबल तुटली की भर पावसात ताडपत्री धरून तंतू वितळवून जोडायचे असतात. टोकाला ओल किंवा धूळ राहिली तर सांधा फुकट. त्या काळात म्हादईकाठांची डिश चालू असते, हे मी पाहिलंय.

आणि शेवटच्या किलोमीटरवर भांडताना मागचं कोणीच विचारत नाही. तालुक्यात येणारी मूळ लाइन एकाच रस्त्याने येते की दोन? एकच असेल तर जेसीबीचा एक दात पुरतो, मग घरापर्यंत काच असो की हवा.

काणकोणची बाय
सगळे तांत्रिक बोलताय. 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा सांगे-सत्तरीतली मुलं रेंजसाठी डोंगर चढून बसायची. माझी भाची त्यातलीच, पावसात छत्रीखाली वही सांभाळायची. मग तिथे टॉवर यायचा झाला तर गावानेच ग्रामसभेत अडवला! आधी त्यांना विचारा.

कुळागर
बाय, अडवणाऱ्यांत मी होतो आणि आजही अडवीन. टॉवर शाळेच्या भिंतीला लागून येणार होता. गावाला कागद दाखवले नाहीत, जमीनमालकाशी परस्पर भाडं ठरलं. माझी बायको कर्करोगाने गेली. टॉवरमुळे गेली असं मी म्हणत नाही. पण त्या घरातल्या माणसाला "घाबरू नको" म्हणून सांगायला येताना निदान मापाचा कागद हातात असावा.

म्हादईकाठ
वहिनींचं ऐकून वाईट वाटलं. तरी सांगतो, भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट. आणि टॉवर लांब गेला की कानाजवळचा मोबाइल जास्त जोर लावतो. टॉवर हटवून माणसाच्या अंगावरचा सिग्नल कमी होतोच असं नाही.

कुळागर
मर्यादा मला पाठ आहे. कागदावरची मर्यादा आणि शाळेच्या खिडकीतलं माप या दोन गोष्टी आहेत. मोजलं कोणी?

पर्वरीकर
अशाच लोकांमुळे गोवा मागे राहिला. शहरातल्या मुलाच्या फोनवरून टॉवर विरोधाचे संदेश पाठवायचे आणि गावच्या मुलांनी डोंगर चढायचा.

कुळागर
माझा मुलगा गावातच असतो, बागायत करतो. तुम्ही माझ्या घरापर्यंत जाऊ नका. पणजीशेजारच्या पर्वरीत बसून सत्तरीला शहाणपण शिकवणारे तुम्हीच, आधी फायबरवरून, आता टॉवरवरून.

काणकोणची बाय
पर्वरीकरबाब, हे शोभलं नाही. मी तक्रार केली ती गावाने अडवलं म्हणून, त्यांच्या घरातल्या दुःखावर बोट ठेवायला नव्हे.

पर्वरीकर
मुलाबद्दलचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

जोडणीवाला
मोजणी होते हो. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून कोणालाही आपल्या जागेची मोजणी मागता येते, अहवाल लेखी मिळतो. कंपनीने परवानगी मागतानाच तो खर्च उचलून शाळेच्या खिडकीत मोजून दाखवायला काय हरकत आहे? निम्मी भांडणं तिथेच मिटतील. आणि म्हादईकाठांच्या डोंगरावरचा डबा म्हणजे मोबाइल टॉवर नव्हे. फार कमी शक्तीचा, एका दिशेला तोंड असलेला रेडिओ आहे. ग्रामसभेत दोन्हींना एकच नाव देतात, त्यामुळे त्यालाही विरोध होतो.

म्हादईकाठ
नेमकं हेच झालं आमच्याकडे. माथ्यावरचा खांब "टॉवर" म्हणून काढायला लावला. चवथीच्या तोंडावर सगळा वाडा बिननेट, मुंबईतली मुलं गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी बघायला फोन लावत होती.

पर्वरीकर
बरं. जिथे चर खणता येत नाही तिथे रेडिओला माझी हरकत नाही, एवढं लिहून देतो. पण विकणाऱ्याने बिलावर छापावं की एका रेडिओवर किती घरं आहेत. सरकारी व्याख्येत 2023 पासून 2 मेगाबिटला ब्रॉडबँड म्हणतात. तेवढ्यावर "अमर्याद" लिहून पैसे घेणं मला लूटच वाटते. आणि दरवर्षी मे महिन्यात झाडांची छाटणी कोणाच्या खर्चाने, तेही लिहावं.

म्हादईकाठ
घरं किती हे छापावं, मान्य. छाटणी आम्ही गावकरीच करतो, तेही मोफत. रात्री आठचा वेग मोजून टाकतो, पण तुम्हीही तुमच्या फायबरवाल्याला विचारा की त्याच्या ओएलटीच्या, म्हणजे जिथून तंतू निघतो त्या यंत्राच्या, एका पोर्टवर 32 घरं आहेत की 128, आणि मागची लाइन किती जाडीची.

कुळागर
मोजणीचं यंत्र घेऊन येणार असाल तर पुढच्या ग्रामसभेत या. डोंगरावरचा रेडिओ आणि शाळेजवळचा टॉवर हे दोन वेगळे ठराव मांडायला मीच सरपंचांना सांगतो. पहिल्याला माझं मत मिळेल. दुसऱ्याला मापाचा कागद बघितल्याशिवाय नाही.