वाळलेलं जंगल तसंच सोडायचं की नवी झाडं लावायची?

डोंगरवाट: जर्मनीतल्या हार्झ पर्वतात २०१८ ते २०२० च्या दुष्काळात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची रानंच्या रानं वाळली. पाणी नसलं की झाडाला पुरेशी राळ सोडता येत नाही आणि साल पोखरणारे भुंगेरे आत घुसतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने मेलेली झाडं बहुतेक ठिकाणी तशीच उभी ठेवली आहेत. मला हे पटत नाही. हवामान इतक्या झपाट्याने बदलत असताना झाडांचं बी आपणहून सोयीच्या हवामानाकडे सरकेल अशी आशा धरायची? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २०१० मध्येच वेस्टर्न लार्च हे झाड त्याच्या मूळ पट्ट्याबाहेर लावायला परवानगी दिली. तिथे आता रोपांचं बी निवडताना पुढचं हवामानही बघतात.

ओंडका: राष्ट्रीय उद्यान आणि लाकडासाठी राखलेलं रान यांत गल्लत होतेय. जर्मनीतल्याच बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९८३ च्या वादळात पडलेली झाडं उचलली नाहीत. नव्वदच्या दशकात भुंगेऱ्यांनी उभं जंगल फस्त केलं, आसपासच्या गावांनी बोंब ठोकली. आज तिथे लागवडीशिवाय तरुण रान उभं आहे.

डोंगरवाट: त्यातही बहुतांश स्प्रूसच ना? उंचावर टिकेल कदाचित. पण हार्झच्या खालच्या उतारांवर मुळात बीच हा रुंद पानांचा वृक्ष होता, स्प्रूस माणसाने लावला. मग निस्तरायचं कोणी?

ओंडका: निस्तरणार डग्लस फर हे अमेरिकेतलं सूचिपर्णी झाड लावून, म्हणजे पुन्हा रांगेत एकच झाड! पोर्तुगालने कागदासाठी निलगिरी वाढवली. २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेला निलगिरी आणि पाइनच्या रानात वणवा भडकला, ६६ माणसं गेली.

सागपान: ही रांगेची शिस्त आपल्याकडेही जर्मनीतूनच आली बरं का. १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झालेले ब्रँडिस जर्मन होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा कुठे रानाचा निर्णय गावाकडे आला. तिकडे कोण ठरवतं?

डोंगरवाट: जर्मनीतलं जवळपास निम्मं जंगल खासगी मालकीचं आहे, त्यात छोटे मालक भरपूर. दुष्काळात सगळ्यांचंच भुंगेऱ्याचं लाकूड एकदम बाजारात आलं आणि भाव कोसळले. त्यांना 'चाळीस वर्षं थांबा' म्हणून सांगून बघा.

ओंडका: थांबा किंवा लावा, आधी हरणांचं बघा. ओक आणि फर या झाडांचे कोवळे शेंडे ती पहिले खातात. शिकार वाढवा म्हटलं की तिथले शिकारीच अंगावर येतात, आणि कुंपण घालायचं तर खर्च त्या छोट्या मालकाच्याच माथी.