मदत हवी आहे : तीन देशांतल्या अन्न-सहकारी संस्थांची तुलना कोणत्या निकषांवर करू?

स्थानिक, शाश्वत अन्नव्यवस्था चालवणाऱ्या सहकारी संस्थांमध्ये निर्णय कोण घेतं, याची तुलना करतेय. तीन उदाहरणं घेतलीत : जपानचा सेकात्सु क्लब (१९६५ मध्ये दुधाच्या सामूहिक खरेदीतून सुरू झालेला), अमेरिकेतल्या ब्रुकलिनचं पार्क स्लोप फूड को-ऑप (१९७३, इथे सभासदाला स्वतः काम करावं लागतं) आणि फ्रान्समधल्या २००१ च्या कायद्याखालच्या बहुभागधारक संस्था.

आधी आंतरराष्ट्रीय सहकारी संघाची १९९५ ची सात तत्त्वं लावून पाहिली. उपयोग शून्य, कागदावर सगळेच पास! मग नियमावल्या वाचल्या, तर अडचण वाढली. पहिल्या दोन मुळात ग्राहकांच्या संस्था, शेतकरी बाहेरचा पुरवठादार. फ्रेंच रचनेत मात्र कर्मचारी, ग्राहक, उत्पादक, स्थानिक शासनसंस्थासुद्धा सभासद होऊ शकतात आणि मतं गटवार विभागता येतात. मग ‘एक सभासद, एक मत’ हे तिन्हीकडे एकच कसं मोजायचं?

प्रत्यक्ष भेटी, मुलाखती शक्य नाहीत. फक्त प्रकाशित अहवाल आणि नियमावल्या. कायद्यांची तुलना नकोय, ती झालीय.

शेतमालाचा भाव ठरवताना उत्पादकाचा शब्द खरंच किती चालतो, हे अशा कागदपत्रांतून कोणत्या खुणांवरून ओळखता येईल?