Re: भाचीला अमेरिकन लॉ फर्ममधला जॉब, घ्यावा का?

नमस्कार मंडळी,
माझी भाची जुळे सोलापुरात असते, बी.कॉम. झालीये. इकडच्या (अमेरिकेतल्या) एका पर्सनल इंज्युरी, म्हणजे अपघातात इजा झालेल्यांना भरपाई मिळवून देणाऱ्या, लॉ फर्मचं क्लायंट सपोर्टचं काम तिला मिळतंय, घरूनच, पण रात्रपाळी. ताई म्हणते कोर्टकचेरीची भानगड नको. कुणाला अनुभव आहे का?

---

ताई नमस्कार,
मी पूर्वी न्यू जर्सीत एडिसनला होतो, आता सोलापुरात सात रस्त्याजवळ, आणि हेच काम करतोय. कोर्टाचं तोंडही बघायचं नसतंय. इस्टर्न टाइमचे (न्यूयॉर्ककडच्या वेळेचे) सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, नोव्हेंबरात तिकडं घड्याळ मागं गेलं की साडेसात. क्लायंटचे फोन घ्यायचे, हिपाच्या (तिकडचा वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) फॉर्मवर क्लायंटची सही घेऊन दवाखान्यांकडून रेकॉर्ड नि बिलं मागवायची, आणि ती मागवायची म्हणजे परत परत फोन करून पिच्छा पुरवायचा बघा.

फोनवर प्रश्न दोनच, केसचं काय झालं आणि किती मिळतील. दुसऱ्याचं उत्तर आपण अजिबात द्यायचं नाही, वकील नसताना कायद्याचा सल्ला दिला तर तिकडं गुन्हा होऊ शकतो, "विचारून कळवते" एवढंच. पहिल्यात खरा कस लागतो. उपचार संपेपर्यंत किंवा तब्येत स्थिर होईपर्यंत वकील सहसा डिमांड, म्हणजे इन्शुरन्स कंपनीला भरपाईची मागणी, पाठवत नाही, कारण एकदा रिलीजवर (दावा मिटला अशा कागदावर) सही झाली की पुढचा खर्च मागता येत नाही, पण क्लायंटला वाटतं फाईल धूळ खातेय. म्हणून सांगायला काही नसलं तरी आपणहून फोन करायचा.

आणि कुणी सहज म्हणालं की थेरपीला गेलो नाही, तर का नाही ते विचारून लगेच नोट टाकायची. गाडी अपघातातच मोडली, जायचं कशानं, असं असतंय बऱ्याचदा, आणि इन्शुरन्सवाला मात्र त्याच गॅपवर बोट ठेवतो की दुखत नव्हतंच.

फी तिकडं बहुतेक तिसरा हिस्सा, जिंकलं तरच. आपल्याकडं वकिलाला असा वाटा घ्यायला बंदी आहे, त्यामुळं घरच्यांना ते ऐकूनच संशय येतो!

एक नक्की विचारा, नवीन केसेस साइन करायचं टार्गेट आहे का. असेल तर तो सेल्सचा जॉब, मी तरी नको म्हणेन.

---

दादा, थँक्यू, ताईला फॉरवर्ड केलं. भाची विचारतेय संक्रांतीला आपल्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी मिळते का?

---

सुट्ट्या अमेरिकेच्या, संक्रांतीची आत्ताच लेखी मागून ठेवा म्हणावं 🙂