माउंट उमनम: आईबाबांना झेपेल का?

पुण्याहून आईबाबा आलेत, बाबा रोज पर्वती चढतात पण आईचा गुडघा बोलतो, तर शनिवारी इथे कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या सिएरा अझुल या राखीव रानातल्या उमनम डोंगरावर न्यावं का? आणि कुत्रा चालतो का?

सॅनहोजेकर: कुत्रा घरीच ठेवा, त्या ट्रेलवर चालत नाही. बाल्ड माउंटनच्या पार्किंगपासून वर ३.७ मैल, एकेरी हां. बाबांना तिथे सोडा, आईला घेऊन गाडीने थेट वर जा, २०१७ पासून माथा सगळ्यांना खुला आहे. वर एअर फोर्सच्या जुन्या रडारचा काँक्रीटचा चौकोनी ठोकळा उभा आहे, दिसायला भयाण पण मला आवडतो.

रानवेडी: पाणी घरूनच भरून न्या, वर मिळत नाही. आणि पॉइझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की खाज सुटणारं झुडूप, सांभाळा!! एका देठाला तीन पानं, उन्हाळ्यात लालचुटुक होतात, आमच्या सासूबाई "किती गोड रंग" म्हणत हातात घेऊन बसल्या आणि मग दोन आठवडे हात खाजवत होत्या, पानं गळली तरी नुसत्या काडीनेही होतं बरं का.

सॅनहोजेकर: हो आणि वर वारा जाम असतो, आईंना स्वेटर द्या.

मूळ प्रश्नवाला: डन! बाबा आत्ताच विचारतायत, वर पिठलं-भाकरी मिळते का 😂