शिक्षकांचा अभ्यासगट: वेळापत्रकात हवा की स्वेच्छेवर सोडावा?

खारेगाव_गणित
ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांत अभ्यासगट जूनमध्ये उत्साहाने सुरू होतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विरतात. आठवड्याची एक तासिका वेळापत्रकात लिहिल्याशिवाय गट टिकत नाही, हे माझं ठाम मत. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा होते. परिपत्रकं, माहितीचे तक्ते आणि एखादा आदर्श पाठ, यातच तिचा वेळ संपतो. मुलांची वही तिथे क्वचितच उघडली जाते.

४० मिनिटं पुरतात, पण विषय एकच हवा. तिसरीच्या सगळ्या तुकड्यांना एकच उदाहरण द्या, ४०२ − १७८, आणि वह्या घेऊन बसा. उत्तर ३७६ लिहिणारी मुलं प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. २३४ लिहिणारी शतक सुटं करतात, पण त्यातून आलेल्या १० दशकांपैकी एक एककाकडे गेलं आणि ९ उरली, हे विसरतात. दोघांना एकाच उजळणीला बसवलं तर कुणाचंच भलं होत नाही. पहिल्यांना दहाचे दांडे आणि सुट्या काड्या घेऊन दोन अंकी वजाबाकीपासून सुरुवात हवी. दुसऱ्यांना १०० च्या नोटेची मोड करून दाखवली की बहुधा पुरतं. वह्यांचे ढीग करायला १५ मिनिटं, चुकीचं कारण शोधायला १५, पुढच्या आठवड्यात कोण काय घेणार ते ठरवायला १०.

दुपारसत्र
वह्यांचं पटलं, तासिकेचं अजिबात नाही. प्राथमिकला वर्गशिक्षकच सगळे विषय घेतो, त्याला मोकळी तासिका असतेच कुठे? दोन सत्रांच्या शाळेत सकाळचे वर्ग सुटेपर्यंत दुपारची मुलं दारात उभी असतात. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम.

याहून मोठी अडचण पुढे आहे. गोष्ट वेळापत्रकात गेली की तिच्यामागे फोटो, सह्या आणि अहवाल येतो. मग शिक्षक आपल्या वर्गाची खरी अडचण मांडत नाहीत, सुरक्षित विषय निवडतात. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली ही ओळीने लागणारी स्थानकं आहेत. तिथल्या शाळांतल्या एकाच इयत्तेच्या चार-पाच जणांनी आपणहून शनिवारी शाळा सुटल्यावर बसावं. ज्या शाळेत इयत्तेची एकच तुकडी आहे, तिथल्या शिक्षकाला दुसरा मार्गच नाही.

खारेगाव_गणित
एका तुकडीच्या शाळांबाबत तुमचं म्हणणं मान्य. पण शनिवारी दुपारी येतात ते आधीच शिकू पाहणारे. ज्याच्या वर्गात निम्मी मुलं अडली आहेत, तो तिथे येईलच असं नाही. आणि घरी लहान मूल असलेल्या शिक्षिकेने सुट्टीचे तास का द्यावेत? शिक्षण हक्क कायद्याने आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत ते अध्यापन आणि पूर्वतयारी मिळून. हे काम त्या तयारीतच बसतं. एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांचा खेळाचा तास एकत्र ठेवा, मैदानावर मुख्याध्यापक आणि दुसऱ्या इयत्तेचे एक शिक्षक थांबतील. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. पावसाळ्यात मैदान मिळत नाही, तेव्हा सभागृहात गोष्टवाचन.

वाशी_मुख्याध्यापिका
गट का मोडतात, याचं एक कारण दोघांकडूनही सुटलं. गट बहुतेकदा एका माणसावर उभा असतो. त्याची बदली झाली किंवा निवडणुकीचं काम लागलं की बैठक बंद. म्हणून संयोजक दर दोन महिन्यांनी बदलावा आणि नोंदवही शाळेत राहावी. बैठकीमागे चारच ओळी: कोणती चूक, किती मुलांची, काय करून पाहिलं, नंतर किती उरली. चौथी ओळ सर्वात आधी गळते, आणि ती गळली की पुढची बैठक पुन्हा नव्या विषयावर जाते. नोंदीत शिक्षकाचं नाव नको. ही वही शिक्षकाच्या कामाचं मूल्यमापन करणाऱ्या गोपनीय अहवालासाठी वापरणार नाही, असं मुख्याध्यापकाने पहिल्याच दिवशी सांगावं आणि पाळावं.

एकमेकांच्या वर्गात बसायचं असेल तर जपानी शाळांतली पाठ-अभ्यासाची रीत घ्या. पाठ सगळे मिळून आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलं काय करतात ते टिपतात. शिक्षकावर शेरा नाही. निरीक्षक मागच्या बाकावर बसला तर त्याला फक्त शिक्षक दिसतो. त्याने खिडकीच्या बाजूने उभं राहून तीन-चार मुलांचीच वही पाहावी.

दुपारसत्र
मॅडम, गोपनीय अहवालाचं तुम्ही पाळाल, तुमच्या जागी येणारे पाळतील का? तोंडी शब्दावर नवा शिक्षक आपल्या वर्गातल्या चुका उघड करणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ४० मिनिटांच्या ३० बैठका म्हणजे २० तास. ते या ५० मध्ये लेखी धरा, पुरावा म्हणून फक्त तारीख आणि हजेरी मागा, फोटो नको. एवढं लेखी मिळालं तर तासिकेला माझा विरोध नाही. तोवर आमची शनिवारची बैठकच बरी.

खारेगाव_गणित
तारीख आणि हजेरीवर थांबलात तर नुसत्या सह्या होतील. चौथ्या ओळीतला आकडा तरी द्यावाच लागेल, तुकडीचं नाव न घालता.